गाडी बंद पडली की माथेरानचं काय होतं: एका डोंगरी स्टेशनचं प्रकरण

माथेरानच्या गाडीबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक सगळं पर्यटकाच्या बाजूनं लिहिलेलं असतं. खिडकीतून दिसणारी दरी, माकडं, धुकं, बोगदा आणि फोटो. मला इथे वर राहणाऱ्यांची बाजू मांडायचीय. 2005, 2016 आणि 2019 अशी तीनदा ही गाडी लांबलचक काळासाठी बंद पडली आणि तिन्ही वेळा गावाचं काय झालं ते नीट बघितलं तर एक गोष्ट लख्ख दिसते, की कागदावर ही 21 किलोमीटरची एक रेल्वे असली तरी व्यवहारात त्या दोन रेल्वे आहेत. नेरळ ते अमन लॉज हा घाट चढणारा मोठा भाग, जो पर्यटकाला हवाय. आणि अमन लॉज ते माथेरान हा शेवटचा जेमतेम तीन किलोमीटरचा तुकडा, ज्याच्यावर गाव चालतं. या दोघींचा विचार एकाच मापानं केला गेला म्हणून गावाचं नुकसान झालं, असं माझं मत आहे आणि ते का आहे ते सविस्तर सांगतो.

आधी जागा समजून घ्यायला हवी कारण तिच्याशिवाय बाकी काहीच कळणार नाही. कल्याण-कर्जत लाइनवर नेरळ लागतं, तिथून वर बघितलं की जो सपाट माथ्याचा डोंगर दिसतो तो माथेरान, उंची सुमारे 800 मीटर. जिल्हा रायगड, तालुका कर्जत. गावाला स्वतःची नगरपरिषद आहे पण 2011च्या जनगणनेत वस्ती साडेचार हजारांच्याही आत होती. आणि मुख्य म्हणजे इथे मोटारगाड्यांना बंदी आहे, ही पद्धत इंग्रजांच्या काळापासूनची, पुढे फेब्रुवारी 2003 मध्ये केंद्र सरकारनं माथेरान आणि भोवतालचा परिसर इको सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील क्षेत्र, जाहीर केल्यावर ती कायद्यानं अजून पक्की झाली. अँब्युलन्स आणि आगीचा बंब सोडला तर मोटारगाडी आत जात नाही. नेरळहून टॅक्सी किंवा कर्जतची एसटी मिनीबस तुम्हाला दस्तुरी नाक्यापर्यंत सोडते, तिथे पार्किंग, आणि पुढे लाल मातीचा रस्ता. पायी, घोड्यावर, हातरिक्षात, हल्ली ई-रिक्षात, नाहीतर जवळच्या अमन लॉज स्टेशनवरून शटल गाडीत, म्हणजे अमन लॉज ते माथेरान एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत. बाजारपेठ तिथून अडीच-तीन किलोमीटर आत.

म्हणजे विचार करा, गावात येणारं प्रत्येक गव्हाचं पोतं, प्रत्येक गॅस सिलिंडर, दुधाचा कॅन, सिमेंटची गोणी, हॉटेलच्या गाद्या, औषधं, शाळेची पुस्तकं, सगळं दस्तुरीला उतरतं आणि तिथून पुढे कुणाच्या तरी पाठीवर, डोक्यावर, हातगाडीवर, घोड्यावर किंवा गाडीत चढतं. या एका गोष्टीमुळं माथेरानला वस्तू खालच्यापेक्षा महाग पडते. गाडी चालू असली की सामानाचा थोडा तरी भार ती उचलते, बंद असली की सगळा भार माणसांवर आणि जनावरांवर.

आता ही रेल्वे आली कुठून ते. मे 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट खाली चौक गावात मुक्कामाला होता, तो वन ट्री हिलच्या बाजूनं वर चढला आणि रामबागच्या वाटेनं उतरला, जागा आवडली म्हणून पुढे त्यानं वर घर बांधलं. इंग्रजांच्या कागदात याला शोध म्हणतात. पण डोंगरावर आणि त्याच्या उतारावर ठाकर, कातकरी, धनगर आधीपासून होते, मॅलेट ज्या वाटांनी चढला-उतरला त्या वाटा त्यांच्याच पायांनी पडलेल्या, आणि आजही खालच्या वाड्यांतल्या बायका जांभळं-करवंदं, भाजी घेऊन त्याच डोंगरवाटांनी चढून बाजारात येतात. त्यांना गाडीचं तिकीट कधीच लागलं नाही. ही गोष्ट गाडीच्या इतिहासात सहसा कुणी लिहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टननं वर बंगला बांधला, मुंबईचे पारशी, बोहरी, गुजराती, युरोपियन श्रीमंत लोक उन्हाळ्यात यायला लागले. नेरळला 1856 मध्येच रेल्वे आलेली होती, पण नेरळहून वरचा सात मैलांचा घाट पायी, तट्टूवर किंवा पालखीत.

सर आदमजी पीरभॉय हे मुंबईतले बडे बोहरी व्यापारी, लष्कराला तंबू वगैरे पुरवणारे, शहराचे शेरीफही होते. गोष्ट अशी सांगतात की एकदा नेरळला उतरल्यावर त्यांना वर न्यायला ना तट्टू मिळालं ना पालखी, तेव्हा त्यांनी ठरवलं की इथे रेल्वेच आणायची. गोष्ट किती खरी ते असू दे, पैसा मात्र त्यांच्या घरातूनच आला हे पक्कं. मुलगा अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी काम अंगावर घेतलं, 1904 मध्ये बांधकाम सुरू झालं, मार्च 1907 मध्ये गाडी धावली, खर्च 16 लाख रुपये. त्या काळचे 16 लाख, एका घराण्यानं, एका डोंगरासाठी. बार्शी लाइट रेल्वेवाल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरचा सल्ला घेतलेला होता.

रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट. चढ काही ठिकाणी वीसास एक, म्हणजे वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, साध्या चाकांनी, दातेरी रूळ न वापरता एवढा चढ चढायचा म्हणजे गंमत नाही. म्हणून मग वळणांवर वळणं. नेरळहून निघाली की थोडा वेळ मोठ्या लाइनच्या बाजूनं जाते, मग डोंगराकडे वळते, जुम्मापट्टी, घोड्याच्या नालेसारखं मोठं वळण, माउंट बॅरीची खिंड, वाटेत एकच छोटासा बोगदा ज्याला ‘वन किस टनेल’ म्हणतात, वॉटर पाइप स्टेशन, मग पॅनोरमा पॉइंटच्या अंगानं वळसे घेत अमन लॉज, आणि शेवटी सिम्पसन टँकच्या बाजूनं थेट बाजारात. माथेरान स्टेशनातून बाहेर पडलं की तुम्ही गावाच्या मधोमध असता, समोर चपलांची दुकानं, चिक्की, लॉजवाले.

अशा वळणांवर लांब इंजिन चालत नाही आणि आखूड इंजिनाला ताकद नसते, ही जुनी अडचण. त्यावर जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीकडून चार खास वाफेची इंजिनं आणली, त्यांचे पुढचे-मागचे आस वळणाप्रमाणे थोडे सरकायचे. त्यातलं एक नेरळला ठेवलंय, एक इंग्लंडला गेलंय. पुढे डिझेल आलं.

पण माझ्या मते या गाडीचा खरा जीव इंजिनात नव्हता, ब्रेकमनमध्ये होता. उतारावर पूर्ण गाडी फक्त इंजिनाच्या ब्रेकवर सोडता येत नाही, म्हणून डब्यांवर हातब्रेक आणि ते फिरवायला ब्रेकमन. दोन डब्यांच्या मध्ये अंग चोरून बसायचं, ऊन असो धुकं असो, ड्रायव्हरच्या शिट्टीकडे कान, शिट्टीची खूण आली की चाक आवळायचं, दुसरी खूण आली की सैल करायचं, आणि हे सगळ्यांनी एका ठेक्यात करायचं, नाहीतर डबे एकमेकांवर आदळणार. ही माणसं घाटाचं प्रत्येक वळण हातानं ओळखायची. पर्यटकांच्या फोटोत ते कडेला कुठेतरी दिसतात. 2016च्या अपघातांनंतर डब्यांना एअर ब्रेक बसवले, सुरक्षेच्या दृष्टीनं ते झालं ते योग्यच झालं, पण शतकभर हे काम कुणी केलं त्याची एखादी पाटी तरी स्टेशनवर असायला हवी.

पाटीवरून आठवलं, गावाचा इतिहास म्हटला की भाई कोतवालांना टाळून चालणार नाही. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म 1 डिसेंबर 1912, माथेरानचेच, नाभिक कुटुंबातले, वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षही होते. खालच्या शेतकऱ्यांना आणि आदिवासींना सावकाराच्या तावडीतून सोडवायला धान्यकोठ्या काढल्या, शाळा चालवल्या. 1942च्या आंदोलनात त्यांनी आझाद दस्ता ही भूमिगत तुकडी उभी केली आणि मुंबईकडे वीज नेणारे मोठे मनोरे कापून पाडायचं काम हाती घेतलं, म्हणजे गिरण्या आणि रेल्वे दोन्ही अडतील. हा माणूस ज्या डोंगरात वाढला त्या डोंगरातल्या वाटा त्याला पाठ होत्या म्हणूनच हे जमलं. 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी गाठलं, त्यांचे साथीदार हिराजी पाटील आणि भाई कोतवाल दोघे तिथेच मारले गेले. आज पर्यटकाला वर गेल्यावर पॉइंटांची नावं सगळी इंग्रज साहेबांची ऐकू येतात, कोतवालांचं नाव विचारल्याशिवाय फार कमी कानावर पडतं. मला याचं खरंच वाईट वाटतं.

तीन वेळा बंद

26 जुलै 2005. त्या दिवशी मुंबईत काय झालं ते सगळ्यांना माहितीय, त्याच पावसानं नेरळ-माथेरान लाइनची वाट लावली. भराव वाहून गेले, रूळ हवेत लटकत राहिले, दरडी आल्या. गाडी परत सुरू झाली ती 2007 मध्ये, शंभरी भरली त्याच वर्षी. शटल ही सोय नंतरची, त्यामुळं तेव्हा मधल्या काळात वरही काहीच चाललं नाही, खालचा घाट तुटला म्हणून वरचा चांगला तुकडाही गप्प.

मे 2016. काही दिवसांच्या अंतरानं अमन लॉजजवळ दोनदा डबे घसरले आणि रेल्वेनं सगळीच गाडी बंद केली. सुरक्षेचा प्रश्न होता, बंद करणं चूक म्हणता येणार नाही. पण ऐन मे महिना, वर्षाची कमाई करायचा महिना, आणि मग पुढे महिन्यामागून महिने. ऑक्टोबर 2017 मध्ये अमन लॉज-माथेरान शटल सुरू झाली, जानेवारी 2018 मध्ये नेरळहून पूर्ण गाडी. इथे पहिल्यांदा दिसलं की दोन तुकडे वेगवेगळे सुरू करता येतात.

मग 2019चा पावसाळा. पुन्हा घाटात ठिकठिकाणी खालची माती-खडी वाहून गेली आणि पुन्हा सगळं बंद. डिसेंबरात शटल सुरू झाली, काही महिन्यांत लॉकडाऊन, मग नोव्हेंबर 2020 मध्ये परत शटल. खालचा भाग मात्र 22 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाला. तीन वर्षांहून जास्त. मधल्या काळात सिमेंटचे स्लीपर टाकले, दगडांच्या जाळीच्या भिंती घातल्या, कठडे लावले, ते काम चांगलं झालंय.

आता या तिन्ही वेळा शेजारी शेजारी ठेवून बघा. घाटाचा भाग तुटण्याचं कारण दरवेळी जवळपास तेच, उतारावरून येणारं पाणी. वर माथ्यावर लाल जांभा दगड आणि माती, खाली काळा पाषाण, पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस, आणि रूळ आडवे डोंगराच्या कुशीतून जातात त्यामुळं वरून येणारा प्रत्येक ओहोळ त्यांना कापूनच खाली जाणार. मोरी, म्हणजे रुळाखालचा पाणी जायचा मार्ग, तुंबली की पाणी भरावातून वाट काढतं आणि भराव घेऊन जातं. म्हणून तर पावसाळ्यात नेरळ-अमन लॉज गाडी ठरवूनच बंद ठेवतात. अमन लॉज ते माथेरान हा तुकडा त्या मानानं सपाट माथ्यावरचा आहे, तिथे पाऊस तेवढाच पडतो पण पाण्याला वेग नसतो, आणि शटल पावसाळ्यातही चालू शकते.

बरं, प्रवासी कोण ते बघा. नेरळहून बसणारा माणूस दोन-अडीच तास गाडीत बसायला आलेला असतो, त्याला गाडीच बघायचीय, आणि ती बंद असली तर तो टॅक्सीनं वीस-पंचवीस मिनिटांत दस्तुरीला येतो, त्याचं फार काही अडत नाही. नेरळहून 2022 नंतर दिवसाला वर जाणाऱ्या गाड्याही दोनच. शटलच्या फेऱ्या त्याहून कितीतरी जास्त, आणि ती बंद असली तर म्हातारं माणूस, गरोदर बाई, कडेवर पोर घेतलेली आई, बाजारातून माल आणणारा दुकानदार, कॉलेजला खाली जाणारी पोरं, हे सगळे अडकतात. दस्तुरीहून चालायला पाऊण तास लागतो, पावसात सामानासकट जास्तच. अँब्युलन्स आहे, पण दरवेळी काही अँब्युलन्सला फोन करायची वेळ नसते, गुडघे दुखणाऱ्या आजीला तपासणीला कर्जतला जायचं असतं एवढंच.

आणि गाडी बंद पडली की दस्तुरी नाक्यावर काय होतं, तर भांडणं. पर्यटक टॅक्सीतून उतरतो, त्याला काही माहीत नसतं, ट्रेन आहे का नाही, रिक्षा किती, घोडा किती, आणि अशा वेळी त्याला चुकीची माहिती देऊन जास्त पैसे लावण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं आहेत. मार्च 2025 मध्ये याच प्रश्नावर गावानं स्वतःहून माथेरान बंद ठेवलं होतं. मला यात सगळा दोष घोडेवाल्यांवर टाकणं पटत नाही. घोड्याला वर्षभर खायला घालावं लागतं आणि कमाई मोजक्या महिन्यांची. पण भरवशाची, दर ठरलेली, वेळेवर येणारी शटल समोर उभी असेल तर निम्मं भांडण तिथेच मिटतं हेही खरं.

हातरिक्षाचं तर बोलायलाच नको. 94 परवाने, एक माणूस पुढे ओढणार, मागून दोघे ढकलणार, आत बसलेला एक. सुप्रीम कोर्टाच्या परवानगीनं डिसेंबर 2022 मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, आणि ऑगस्ट 2025 मध्ये कोर्टानं स्पष्टच सांगितलं की माणसानं माणसाला ओढण्याची ही पद्धत सहा महिन्यांत बंद करा आणि ओढणाऱ्यांचं ई-रिक्षा देऊन पुनर्वसन करा. त्याच निकालात दस्तुरी ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉकलाही परवानगी मिळाली. इतकी वर्षं ही माणसं चढावर छाती फुटेस्तोवर गाडा ओढत होती, त्यांच्या हातात हँडल आलं तर मला मनापासून आनंद आहे.

पण काही लोक आता म्हणतात की ई-रिक्षा आली म्हणजे शटलची गरज संपली. हे मला अजिबात मान्य नाही. एका ई-रिक्षात किती माणसं बसतात, आणि शनिवार-रविवारी दस्तुरीला किती उतरतात? तेवढ्या रिक्षा सोडायच्या तर लाल मातीच्या अरुंद रस्त्यावर, त्याच रस्त्यावर घोडे आणि चालणारी माणसं आणि शाळेची मुलं, म्हणजे मोटारबंदी ठेवून उपयोग काय. गाडीचे रूळ आधीपासून टाकलेले आहेत, त्यासाठी एकही झाड नव्यानं तोडायचं नाहीये.

मग करायचं काय

माझ्या दृष्टीनं पहिली गोष्ट, शटलचा हिशोब वेगळा काढा. स्वातंत्र्यानंतर ही लाइन सरकारजमा झाली, आता ती मध्य रेल्वेच्या मुंबई विभागात आहे, आणि पूर्ण लाइन तोट्यात असल्याचं कायम ऐकू येतं. असेलही, दरवर्षी पावसानं मोडणारा घाट सांभाळायचा म्हणजे खर्च येणारच. पण तो खर्च वारशाचा आहे, दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-शिमला जागतिक वारसा यादीत आहेत, माथेरान संभाव्य यादीत आहे, तर त्या खात्यावर तो टाका. तीन किलोमीटरच्या शटलवर त्याचं ओझं नको.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तिच्यावर कुणी बोलत नाही. इंजिनांची शेड खाली नेरळला आहे. डब्यांचं मोठं काम निघालं तर आणखी लांब, कुर्डुवाडीच्या वर्कशॉपला. म्हणजे मधला घाट तुटला की वर असलेली इंजिनं आणि डबे अडकले, त्यांची देखभाल वरच्या वर कशीबशी करा नाहीतर ट्रेलरवर घालून घाटरस्त्यानं न्या. घाट तुटणार आहे हे शंभर वर्षांचा अनुभव सांगतोय. मग अमन लॉजला किंवा माथेरान स्टेशनच्या आवारात एक छोटी पण कायमची देखभालीची जागा, एक पिट (डब्याखाली उतरून काम करायचा खड्डा), सुटे भाग, दोन-चार कायमचे कर्मचारी एवढं का असू नये? इको सेन्सिटिव्ह झोनची परवानगी लागेल, वेळ जाईल, पण रेल्वेच्या आहे त्या आवारात करायचंय म्हटल्यावर अशक्य नक्कीच नाही.

तिसरं, मोऱ्या. मे अखेर जुम्मापट्टीपासून वॉटर पाइपच्या वरपर्यंत प्रत्येक मोरी मोकळी झाली का हे बघायला वाड्यांतल्या लोकांना घ्या, कुठला ओहोळ कुठल्या वर्षी वाट बदलतो हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं, आणि मजुरीही त्यांच्याच घरात जाईल.

आणि शटलचं वेळापत्रक पर्यटकाच्या चेक-इन चेक-आउटवर न लावता सकाळी कर्जतकडे जाणाऱ्या एसटीशी आणि संध्याकाळी परतणाऱ्या लोकांशी जुळवा, निदान पहिली आणि शेवटची फेरी तरी. त्यासाठी ना नवा रूळ लागतो ना नवं इंजिन, नगरपरिषद आणि रेल्वेचे अधिकारी दोघांनी एका टेबलाशी बसून दोन वेळा बदलायच्या आहेत.